गोडी छाटणी

अंबडच्या एमआयडीसीत, रात्री दोन वाजता,
पाच लिटरच्या काचेच्या भांड्यात
माझं यीस्ट संपावर गेलं.

घोषणा नाहीत, काही नाही.
स्क्रीनवरची रेघ आडवी झाली
आणि आडवीच राहिली.
ऑक्सिजन कुणी खाईना. वर फेस नाही.

मीच केलं होतं ते.
साखरेच्या सगळ्या वाटा मी कागदावर काढल्या होत्या:
एक दारूकडे, एक श्वासाकडे,
एक माझी, नवीन खोदलेली, लॅक्टिक आम्लाकडे,
ज्याचं पुढे मातीत विरणारं प्लास्टिक होतं,
निदान प्रस्तावात तरी.
दारूची वाट बुजवली. तीन जनुकं उडवली,
टाका दिसू नये इतकी सफाईनं.
आता शंभर ग्रॅम घाला, नव्वद काढा,
असं गणित.
पेशीला जगायचंही असतं
हे त्यात एका कोपऱ्यात होतं, बारीक अक्षरात.

माझं आडनाव पगार.
दर एक तारखेला ऑफिसात त्यावर विनोद होतो.
त्या रात्री तो पेशीनं केला:
सगळंच तुझं, बाई,
मग माझा पगार?

पुढच्या खेपेला मी थोडी ढील दिली.
साठाव्या पिढीपर्यंत भांडंभर कामचुकार.
ज्यांनी माझं ओझं वाटेत टाकून दिलं
तेच फुगले, तेच वाढले, त्यांचंच राज्य.
मला राग यायला हवा होता.
मी नुसती खुर्चीत बसून चहावरची साय बघत राहिले.

यमुना भोये फ्लास्क धुते. सुरगाण्याची.
मोरीत ओतताना ती नेहमी वास घेते.
"आज पण आंबलं नाही. मेलं का?"
मेलं नाही, म्हटलं, वाढत नाही,
आणि मला तर त्याच्याकडून माल हवाय.
हातवारे करून वाटा दाखवल्या, बुजवलेली पण.
ती ओल्या हातांनीच हसली.
"एप्रिलात घड मागता व्हय तुम्ही?"

बारा हंगाम ती टोळीबरोबर मोहाडी-खेडगावला छाटणीला जायची,
जीपच्या टपावर बोचकी, पोटाशी कात्री.
एप्रिलात खरड छाटणी. वेल पार बोडकी करायची,
मग पाला येतो, काडी येते.
तेव्हा घडाचं नावसुद्धा काढायचं नाही,
काडी जाडू द्यायची, डोळे भरू द्यायचे.
ऑक्टोबरात गोडी छाटणी. डोळे मोजून कात्री. मग घड.
"येल तीच. येळ दुसरी."

मी शालिमारवरून निळ्या दिव्यांची पट्टी आणली,
लग्नाच्या मांडवाला लावतात तसली.
दारूचं जनुक परत दिलं, पण उजेडाच्या कुलपात:
निळा उजेड असेल तोवर प्या, वाढा, तुमचं राज्य;
अंधार झाला की ती वाट बंद, माझी सुरू.
चार ओळींत लिहिलं. गेले पाच महिने,
आणि तीन वेळा बुरशी.

नोव्हेंबर. बाहेर हाडं वाजवणारी थंडी,
आत भांडं निळं, गढूळ, फेसाळ.
तक्ता म्हणत होता अजून दोन तास.
यमुनानं काचेला नाक लावलं.
"भरले डोळे," म्हणाली.
मी तक्त्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं
आणि बटण बंद केलं.

अंधारात काही दिसत नाही.
आम्ही दोघी उभ्या, पंप टकटकतोय,
आम्ल मारायला सोड्याचे थेंब पडताहेत,
आधी सावकाश,
मग भराभर.

शंभरातले अडुसष्ट.
पुण्याहून मेल आला, नव्वद का नाहीत.
बाकीचे त्यांनी खाल्ले, असं लिहून मी खोडलं
आणि लिहिलं, द्विस्तरीय नियंत्रण, आलेख जोडला आहे.
योगदान या रकान्यात तीन नावं बसतात.
तिन्ही बसली.

आज अठरा तारीख.
यमुना मोरीशी उभी आहे, वास घेतेय,
ठेकेदाराचा फोन लागत नाही म्हणतेय.
तिच्या हातात फ्लास्क आहे, फेसानं भरलेला,
आणि ती अजून तो धूत नाहीये.