पावलं : पुष्कळ

साकीनाक्याला, टायरच्या गोदामाखाली, तळघरात
माझं रणांगण : सहा बाय दहा.
एक खड्डा वाळूचा, एक मातीचा, एक वाळल्या गवताचा.
गवत गोरेगावच्या तबेल्यातून येतं, त्याला शेणाचा वास असतो,
पण वास रेकॉर्ड होत नाही.

लीड्सहून माहितीपट आलाय.
सन अठराशे एकोणऐंशी, इसांडलवाना.
चित्र सगळं आहे. आवाज वाऱ्यानं खाल्लाय.
सोबत क्यू शीट, अकरा पानांची :
कॅप्टनचे बूट, खडकावर. सार्जंटचे बूट, गवतात, धावत.
बकल. म्यान. घड्याळाचं झाकण.
काडतुसांच्या पेटीचा स्क्रू, गंजलेला, फिरत नाही असा.
आणि पान नऊवर, तळाशी, एका ओळीत :
झुलू. पावलं. पुष्कळ.

सावियो काचेपलीकडून म्हणाला, कुंदाताई,
लायब्ररीतून एक जमाव उचलतो, पाच मिनिटांचं काम.
होतंच. तीस वर्षं मी तेच केलंय :
मोर्चा असो, जत्रा असो, दंगल असो,
एकच जमाव, थोडा वर, थोडा खाली.

ढालींसाठी सूप आणलं, माहीमच्या बुरुडाकडून.
पाठीवर वेत मारला की
कातड्यासारखं बोलतं.
सावियो म्हापशाचा. त्याला सांगितलं,
आमच्यात सूप वाजलं म्हणजे संपलं.
इथं तर आत्ता सुरू होतंय, तो म्हणाला.

भाल्यासाठी कलिंगड.
त्या आखूड भाल्याचं नाव, निवेदक सांगतो,
आवाजावरून पडलंय,
अंगातून परत ओढताना होतो त्या.
इक्लवा.
मी सुरा खुपसला, ओढला. खुपसला, ओढला.
सात टेक. सातही वेळा कलिंगड
कलिंगडासारखंच बोललं.
मग आम्ही ते खाल्लं, मीठ लावून.

रात्री अकरानंतर वॉचमन लालमणीला खाली बोलावलं.
चपला काढ.
टायर उतरवणारे दोघे, कँटीनचा झुबेर,
हिशेबातली शलाका, तिनं जोडवी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली,
वाजतील म्हणाली.
एकेकाला चालवलं मातीवरून, मग धावायला लावलं जागच्या जागी.
एकेक माणूस, एकेक ट्रॅक.
नाव काय देऊ, सावियोनं विचारलं,
फाईलला नाव लागतं.
त्यांची नावं आम्हाला कुणी पाठवली नव्हती.
लालमणी एक, लालमणी दोन, शलाका धावताना.
लालमणीचा डावा पाय जरा ओढत येतो.

पान तीन मागे राहिलं होतं.
घोडेस्वार कड्यावर लगाम खेचतो,
खाली दरीत वीस हजार माणसं, बसलेली, गप्प.
शीटवर : शांतता.
हे माझं काम, सावियो म्हणाला, म्यूट.
म्यूट म्हणजे माणूस नसणं रे.
सगळ्यांना मातीभोवती बसवलं. एसी बंद. दिवा बंद.
तीन मिनिटं.
झुबेरच्या पोटात गुरगुरलं.
कुणाचा तरी गुडघा कटकन मोडला.
वरून मेट्रो गेली, तिचा थरार जमिनीतून आला,
तोही ठेवला.

ऐन लढाईत त्या दुपारी सूर्याला ग्रहण लागलं होतं.
शीटवर : व्हायोलिन.
मला मात्र भोईवाड्याची गल्ली ऐकू येत होती,
दे दान, सुटे गिराण,
आणि आई दाराशी, सुपात पसाभर तांदूळ घेऊन.
कुणाचं गिराण, कुणाला सुटलं?
त्या दिवशी ते जिंकले.
माहितीपटाची पस्तीस मिनिटं अजून उरतात,
त्यात त्यांचं राज्य जातं.

आज लीड्सचं उत्तर आलं.
जमाव उत्तम. फक्त एक पाऊल वेगळं ऐकू येतं,
ओढत चालणारं. काढता येईल?

सावियोचं बोट लालमणी दोनवर.
वर गेटपाशी लालमणी खुर्ची सरकवतोय, सावलीमागे.
मी लिहिलं :
पान नऊ पाहा.
पुष्कळ म्हणजे तो धरून.