आंबेगाव ते बावधन

श्रीरंगने एक्सेल केलं आहे.
डावीकडे लाल, उजवीकडे राखाडी,
मधे सव्वीस ओळी: सनरूफ, एअरबॅगा, पुनर्विक्री,
आणि तळाशी एक ओळ ‘मन’ नावाची,
ती माझ्यासाठी रिकामी.

गाड्यांची नावं घेत नाही.
आमच्या विंगमध्ये दोघांकडे लाल आहे, तिघांकडे राखाडी,
आणि लिफ्टमध्ये प्रत्येकाला वाटतं
आपण तेवढे फसलो नाही.

शोरूमच्या पडद्यावर ती बर्फातून जाते,
नदीत उतरते, पलीकडे निघते,
आत एक सुखी कुत्रा.
मी रोज सव्वानऊला
रक्ताच्या सत्तर-ऐंशी नळ्या घेऊन निघते,
आंबेगावच्या सेंटरवरून बावधनच्या लॅबला.
नळ्यांना गचका चालत नाही.
पेशी फुटतात, रिपोर्ट चुकतो,
आणि कुणाच्या तरी घरी रात्रभर
पोटॅशियमची उगीच काळजी.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला मी डबा नेला.
वीस नळ्या, कोकमाच्या आगळाने भरलेल्या.
शनिवारी लाल, रविवारी राखाडी, डबा तोच.
राखाडीवाला, छातीवर ‘आर. भिलारे’,
म्हणाला, मॅडम, हे काय?
म्हटलं, पॅसेंजर.
त्याने ताम्हिणीचं नाव काढलं, टॉर्कचं काढलं.
मी म्हटलं, नवले पूल.

सर्व्हिस रोडला एक स्पीडब्रेकर आहे,
कुणी, कधी, कुणाला विचारून बांधला, माहीत नाही.
त्यावरून दोन्ही गेल्या.
दोन्ही वेळा झाकण उघडलं:
वीसच्या वीस नळ्यांत
सारखाच फेस.

वारज्याच्या अलीकडे कंटेनर आडवा.
बावीस मिनिटं.
इंजिन बंद केलं, काचा खाली,
भिलारेकडची वाक्यं संपली.
मग पुढच्या टेम्पोच्या पाठीकडे बघत तो म्हणाला,
‘मार्चपर्यंत मी लालवाल्यांकडे होतो.
तिथे हिचे दोष पाठ होते.
इकडे आल्यावर त्यांचेच गुण करायला आठवडा लागला.’
आणि तुम्ही स्वतः?
‘कात्रजहून येतो. स्प्लेंडर. वडिलांची.’
थोड्या वेळाने:
‘खरं सांगू का, मॅडम,’
आणि कंटेनर हलला,
मागच्या बसने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही,
मी बटण दाबलं, क्लच सोडला.
खरं ते तिथेच राहिलं,
दुभाजकावरच्या धुळकट कण्हेरीपाशी.

रात्री पार्किंगमध्ये टेप घेऊन उतरले.
आमच्या जागेला खांब आहे.
त्याच्या कमरेला थर:
आमच्या वॅगनआरची चंदेरी,
आधीच्या मालकांची निळी,
आणि तिच्याखाली एक हिरवा ओरखडा,
तो कुणाचा, हे वॉचमनलाही आठवत नाही.
लाल तीन बोटं जास्त रुंद आहे.
तीन बोटं म्हणजे,
दार अर्धं उघडून, पोट आत घेऊन,
डबा छातीशी धरून
मी बाहेर निघेन की नाही, एवढं.
सव्वीस ओळींत ही नव्हती.
‘मन’च्या पुढे मी लिहिलं: खांब.
श्रीरंग म्हणाला, असं नाही चालत.
मग स्वतःच खाली जाऊन पुन्हा मोजून आला.

बुकिंगला फोन केला तर दुसऱ्याच कुणी उचलला.
भिलारे? सोडून गेले, मॅडम.
कुठे, ते सांगता येणार नाही.

गाडी चांगली आहे.
बाकी सांगण्यासारखं काही नाही.
फक्त वारज्याच्या अलीकडे,
रस्ता मोकळा असला तरी,
पाय आपोआप ब्रेकवर जातो.