किंमत मी सांगते

वस्तू हेल्दूर करतो, किंमत मी सांगते.
त्याला ते जमत नाही.
कुणी विचारलं, हे मिठाचं भांडं केवढ्याला,
की ऐकूच न आल्यासारखा
पटाशीला धार लावत बसतो.
लेथनं त्याचे निम्मे कान नेले, हे खरं.
उरलेले निम्मे तो सोयीनं वापरतो.

मी एकतीस वर्षं फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत होते.
माणूस एक, सायकल एक, कुत्रा फुकट.
आकडा सांगताना माझी पापणी लवत नाही.
लाटणं अठरा युरो. मिरीची चक्की चाळीस.
ज्युनिपरच्या चकत्यांचं आसन बारा,
त्यावर गरम पातेलं ठेवून बघा, म्हणते,
आणि ठेवतेच, उकडलेल्या बटाट्यांचं.
वास उठतो.
फिनलंडहून आलेल्या बायका डोळे मिटतात
आणि पाकीट उघडतात.

दुकान कसलं, जुन्या सौनाची खोली,
फाटकाशी एक टेबल,
टेबलावर पत्र्याचा डबा, डब्याखाली यादी.
भुसा मात्र सगळीकडे.
राईच्या पावात, त्याच्या भुवयांत,
चर्चला घालायच्या माझ्या बुटांत.

हिशोबाची वही माझ्याकडे.
जवसाचं तेल, पॉलिशपेपर, वीज, लिहिते.
वाडगं लेथवरून उडून खिडकीत गेलं,
त्याला शब्द आहे: नुकसान.
पण लाकूड तीन हिवाळे माळ्यावर पडून
नुसतं वाळत होतं,
ते कुठल्या रकान्यात लिहू?

लेइडाचं सफरचंदाचं झाड ऑक्टोबरच्या वादळात पडलं.
ढकलगाडीत खोड घालून ती आमच्या दारात,
म्हणाली, जाळवत नाही मला.
हेल्दूरनं ओंडक्यांच्या तोंडांना मेण लावलं,
खडूनं साल लिहिलं,
आणि चौथ्या वसंतात त्यातलं एकच वाडगं कातलं.
लाकडाच्या पोटात खिळा निघाला,
कधीकाळच्या झोपाळ्याचा असावा.
खिळा काढला. भोवतीचा निळा डाग
त्यानं राहू दिला.
मी चिठ्ठी लावली: पासष्ट.

गेल्या गुरुवारी मी दाताला गेले होते, कुरेसारेला.
परत येते तर डब्यात तीनशे.
कुणी नेलं?
तार्तूची बाई. उंच होती.
वाडग्यात हात घालून उभीच राहिली,
बोलेना की जाईना.
मग?
मग जावी म्हणून म्हणालो, तीनशे.
चिठ्ठी दिसली नाही तिला?
चिठ्ठी माझ्या खिशात होती.
आणि?
मोजून दिले.

माझी भूल उतरली नव्हती, अर्ध्याच तोंडानं हसले.
त्याला वाटलं, मी रडतेय.

दीडशे घेऊन लेइडाकडे गेलो. तिनं परत केले.
फारच आग्रह केला तेव्हा वीस ठेवले,
ढकलगाडीच्या चाकाचे म्हणून.

त्या रात्री तो जेवला, ताट धुतलं,
उगाच दोनदा सौनाचं कुलूप बघून आला.
तीनशे युरो म्हणजे लेथचा नवा पट्टा,
वर गॅसची टाकी. मी तसं बोलूनही दाखवलं.
बरं, म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.

मला खिडकी आठवली.
त्रीन समोर उभी, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग,
मागे रांग.
एकेरी की परतीचं, मी विचारलं,
सगळ्यांनाच विचारते तसं.
एकेरी, आई.
पस्तीस क्रून, मी म्हणाले,
आणि सुटे परत दिले.
पापणी तेव्हाही लवली नव्हती.
लोक म्हणाले, उर्वेचं काळीज दगडाचं.
लोकांचं काय, त्यांना बोट पकडायची असते.

फळीवर वाडग्याच्या बुडाचं
तेलाचं गोल वळ राहिलंय.
वाईट दिसतं, म्हणून काल संध्याकाळी
मी त्यावर मिठाचं भांडं ठेवलं.

आज सकाळी बघते,
ते वीतभर बाजूला सरकवलेलं.