वाऱ्याची खूण

गुदैबियात, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
दर शुक्रवारी चार ते सहा
आम्ही नऊजणी चपला काढून उभ्या राहतो.
खालून इस्त्रीची वाफ चढते,
जिन्याला परक्या कॉलरींचा वास.
नोएलानीबाई म्हणतात, गुडघे वाकवा,
जमिनीला कळू दे, तुम्ही आलात.

मी आले ती खांद्यामुळं.
डावा हात छातीच्या वर जाईना.
अंबाडा बांधता येईना, म्हणून केसच कापले.
फिजिओथेरपीचे दर खेपेला पंधरा दिनार,
वर ह्यांचं, "वय झालं आता, हेमांगी."
शोशम्मा म्हणाली, चल, फुकट आहे,
आणि चहा मी करते.

पहिल्या दिवशी हसूच आलं.
कंबर ही आमच्यात फुगडीपुरती सोडायची
आणि लगेच पदरात खोचून ठेवायची वस्तू.
बद्रियानं मात्र अबाया खुंटीला लावला
आणि थेट पुढच्या ओळीत.
नवरा गेल्यापासून तिला झोप नव्हती.
इथं शेवटची दहा मिनिटं आडवं व्हायचं असतं,
तेव्हा ती घोरते.
कुणी उठवत नाही. पंखा तिच्याकडं वळवतो.

हुलात हात बोलतात, बाई सांगतात.
हा डोंगर. हा समुद्र. हे, लांबून कुणी येतंय.
मारिसेलचा समुद्र पहिल्याच झटक्यात आला,
तिचं घरच खांबांवर, भरतीच्या पाण्यात.
माझा येईना. मी म्हसवडची.
आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं,
लग्न होऊन बहारीनला येईपर्यंत
समुद्र मी फक्त नकाशात रंगवलेला,
निळ्या पेन्सिलीनं, कडेकडेनं.

बरं, मग वारा दाखवा, बाई म्हणाल्या. तुमचा.

विचार केलाच नाही.
हातात नसलेलं सूप धरलं,
बाजरी उडवली, मनगटं किंचित आत,
फोलपटं डावीकडं.
तिसऱ्यांदा दाणे झेलताना
खोलीत फक्त एसीची घरघर.
"कुल्ला," कुमुदिनी मागून हळूच म्हणाली.
शोशम्मा म्हणाली, मुरम.
मारिसेल, बिलाओ.
बद्रियानं बराच वेळ आठवलं.
आमच्याकडं दाणे नव्हते, ती म्हणाली,
पण आजोबांची पितळी चाळण होती, मोत्यांची.
ते असेच हलवायचे,
आणि मोठे मोती वर राहायचे. दुसऱ्याचे.

तेव्हापासून आमच्या नाचात वारा असा येतो:
एका वेळी नऊ सुपं.

कुमुदिनी रिफाहून दोन बस बदलून यायची.
मालकिणीनं दिलेले तीन तास,
त्यातला एक रस्त्यातच.
आल्या आल्या ती आधी पाय धुवायची,
मग खिडकीशी, दुसऱ्या ओळीत.
मार्चमध्ये एका शुक्रवारी आली नाही.
पुढच्याही नाही.
फोन लागेना. मारिसेल घंटा वाजवून आली,
दार दुसऱ्याच मुलीनं उघडलं,
हाताला साबण, मान खाली.
तिला काही माहीत नव्हतं,
किंवा होतं.

बाईंनी विचारलं, ओळ सरकवून घ्यायची?
कुणी हललं नाही.
खिडकीशी एका माणसाएवढी फरशी
तशीच आहे.
वारा आला की तिथं आमची फोलपटं पडतात.

काल रात्री वरच्या फळीवरून
रव्याचा डबा काढला.
ओट्यावर ठेवला, झाकण उघडलं,
तेव्हा लक्षात आलं, डाव्या हातानं.
हे हॉलमध्ये बातम्या बघत होते. हाक मारली नाही.
डबा परत वर ठेवला.
पुन्हा काढला.
खांदा कुरकुरला, पण गेला.

मग शोशम्माला फोन.
ती ऐकून घेते, मध्येच नाक ओढते,
आणि विचारते, रवा किती आहे?
शुक्रवारी शिरा आण.
आठजणींचा करू नकोस,
नऊजणींचा कर.