अडीच हात

शनिवारी साडेतीनला येतात पोरं,
सकाळची शाळा आटपून, गणवेशावरच.
तिर्झा झिराडकर, तिचा भाऊ नहूम,
नागावकरांची याएल,
आणि घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून आणलेला
साडेतीन वर्षांचा ओबेद,
मुठीत भडंग, नाकाखाली त्याचं तिखट.

उद्यमनगरात वरच्या मजल्यावर माझी खोली.
खाली फौंड्री, तिची सुट्टी सोमवारी,
त्यामुळे आमच्या शब्बाथला
खालून ग्राइंडर आमेन म्हणत राहतो.

मी रब्बी नाही. पॅटर्नमेकर.
चौतीस वर्षं सागवानात नमुने कोरले,
पंपाच्या केसिंगचे, उसाच्या चरकाच्या दात्यांचे.
हिब्रू शिकलो वडिलांच्या बोटामागून;
ते बोट जिथं थबकायचं
तिथं मी अजून अडखळतो.
सेफेर पुण्यात. सिनॅगॉग पुण्यात.
मिनियानला लागणारे दहा बापेही पुण्यात.
इथं एक छापील पुस्तक, मधोमध उसवलेलं,
आणि चटई.

या आठवड्याचा पाराशा म्हणजे नुसती यादी:
सोनं, रुपं, तांबं, बकऱ्याचे केस,
कड्या, दांडे, खोबणी.
तीन आठवड्यांपूर्वी समुद्र दुभंगला
तेव्हा नहूम चटईवर उभा राहिला होता.
आज जांभई.
"काका, हे टेंडर आहे काय?"
आहे की रे.

वाचलं: बाभळीच्या लाकडाची पेटी.
"बाभळीच्या? काट्यांच्या?"
याएल नाराज झाली, तिच्या मनात चंदन होतं.
मी म्हटलं, वाळवंटात जे उभं असतं ते घ्यावं लागतं.
शिवाय चिवट.
रंध्याचं पातं खातं, पण शब्द मोडत नाही.

लांबी अडीच हात, रुंदी दीड, उंची दीड.
"कुणाचा हात?"

पोरी, कारखान्यात पहिला प्रश्न हाच असतो.
आमची तर पट्टीसुद्धा जादा लांब,
ओतलेलं लोखंड निवताना आक्रसतं,
म्हणून शंभराला एक वाढवून धरायचं.

दारातून एलिशेबा, तिर्झाची आई,
चपला न काढता दर शनिवारी तिथंच उभी:
"आज मोजमाप चालतं का?"
शिकण्यासाठी मोजलं तर चालतं, वडील म्हणायचे.
खरं-खोटं पुण्याला विचारायचं तर फोन लागतो,
आणि फोन शनिवारी चालत नाही.

तर मग कोपर चटईला, बोटं सरळ.
तिर्झाचा एक. तिच्यापुढं नहूमचा एक.
अर्धा व्हायला कुणी तयार नाही.
"मी दहा वर्षांची आहे," याएल म्हणाली,
"मी अर्धी नाही."
तेवढ्यात ओबेद आपणहून पालथा पडला,
नहूमच्या बोटांना आपलं कोपर भिडवून,
भडंगाची मूठ न उघडता.

"पण अर्धा कशाला? सरळ तीन का नाही?"

माझ्याकडं उत्तर होतं.
गुरुवारी अंघोळ करताना सुचलेलं,
निवण्याचं, आक्रसण्याचं, छान घासूनपुसून ठेवलेलं.
तोंडापर्यंत आलं.
म्हटलं, माहीत नाही.

ग्राइंडर थांबला होता, चहाची वेळ.
एलिशेबानं चपला काढल्या, आत आली,
गुडघे टेकून रुंदीला आपला हात लावला,
बांगड्यांसकट.
"ए अर्ध्या, इकडं ये."
ओबेद धावला.
मग उंचीला याएलचा हात उभा,
आणि तिच्या बोटांवर
स्टुलावर चढून पुन्हा ओबेदच.
तिन्ही अर्धे त्याचेच.

रेघ मारायची नव्हती, मारलीही नाही.
तरी निघताना
चौघंही चटईच्या त्या तुकड्याला वळसा घालून गेले,
चटई अगदी दाराशी असून.

तारे दिसले. सब्जाचा पाला हुंगला, दिवा विझवला.
केरसुणी घेऊन वाकलो तर
पेटीच्या आत, जिथं दोन पाट्या असायला हव्यात,
दोन शेंगदाणे.
कडेकडेनं झाडून घेतलं.