भाषेची तरी अडचण नाही

इंदूरहून आले मी
शिरोलीच्या फाउंड्रीचे हिशेब तपासायला,
तीन आठवडे.
निघताना आई म्हणाली, बरं आहे,
भाषेची तरी अडचण नाही.

पहिल्याच सकाळी दाराबाहेरून आवाज,
"मी आलो, चहा घेऊन आलो."
मी ओढणी सावरली.
आत आली पद्मजा मगदूम,
वेणीत अबोली, हातात दोन कप.
"बसतो जरा," म्हणाली आणि बसली.
क्रियापदाच्या शेवटी मी शोधत होते तिला;
ती खुर्चीत होती,
ऐसपैस.

मी म्हटलं, "मी व्हाउचर बघून राहिले आहे."
अख्खं अकाउंट्स हसलं.
मग कोणीतरी माझी समजूत घालावी तसं म्हणालं,
"छान बोलता की मराठी. कुठं शिकला?"
काय सांगायचं.
पाच पिढ्या आमच्या घरात हीच,
माळव्याच्या उन्हात वाळवलेली,
हिंदीच्या बरणीत मुरलेली.
म्हटलं, "घरीच. थोडी थोडी."

इथे "जा" म्हणत नाहीत, "जावा" म्हणतात,
निघणाऱ्याच्या हातावर
एक अक्षर जास्तीचं ठेवतात.
आणि रस्ता विचारला तर सांगत नाहीत,
गाडी वळवून सोबतच येतात,
दसरा चौकापर्यंत विचारून होतं
लग्न झालं का, पगार किती,
वडील काय करतात,
नसतील तर कशानं गेले.
इंदूरला एवढं विचारायला
आम्हाला दोन दिवाळ्या लागतात.

मिसळ मागवली, तर पावाच्या जागी ब्रेडचे स्लाइस.
मी गुपचूप पर्समधून जिरावनची पुडी काढली.
तातोबा गल्ला सोडून उठला.
पुडी हुंगली, शिंकला,
चिमूट जिभेवर ठेवून
बराच वेळ छताकडे बघत राहिला.
"औषध हाय?"
मग स्वतः कटाचं भांडं घेऊन आला.
"घ्या. कितीबी घ्या. कटाचं पैसं न्हाईत."
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
आणि वर हा 'फुकट' नावाचा शब्द,
ज्याला लेखापरीक्षक सापाहून जास्त भितो.

रिक्षाच्या पाठीवर लिहिलेलं, जगात भारी.
विचारलं, "जग कुठवर बघितलंय?"
"निपाणीपतुर."
सिग्नल सुटेपर्यंत विचार केला त्यानं.
"एकदा हुबळी."

दुसऱ्या आठवड्यात पद्मजा आणि कॅशियर
बोलेनासे झाले.
मला वाटलं अफरातफर.
मी दोन रात्री जागून रोखवही उलटसुलट केली.
फुटबॉलची मॅच होती.
त्याची पेठ वेगळी, हिच्या माहेरची वेगळी.
निकाल लागेपर्यंत दोघांची व्हाउचरं
माझ्या टेबलावरून गेली-आली,
दोन देशांमधल्या वकिलातीसारखी मी,
मध्ये.

शेवटच्या रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर.
समोर म्हैस, समोर धार,
ग्लासावर फेसाचा पटका.
माझ्याकडे पाचशेची नोट, त्याच्याकडे सुटे नाहीत.
"ऱ्हाऊ दे. उद्या द्यावा."
"उद्या मी जाणार."
"मग परवा."
मी समजावून सांगितलं, इंदूर कुठं, किती लांब.
त्यानं शांतपणे ऐकून घेतलं,
पुढच्या गिऱ्हाइकाचा ग्लास भरला.
म्हैस तेवढी माझ्याकडे बघत होती,
जामीन राहिल्यासारखी.

अहवाल पुरा केला.
बिडाचा प्रत्येक किलो जुळला,
तफावत शून्य.
फक्त एक ग्लास दूध
कुठल्या खात्याला टाकावं, कळेना.

बस स्टँडवरून फोन लावला.
"निघालीस का गं?"
"निघालो," मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर नुसता पंख्याचा आवाज.
मग आई, जरा घाबरून,
"कोण बोलतंय?"