रकाना दुसरा

अर्ज तीन प्रतींत, जिमखान्याच्या खिडकीत, शुक्रवारी पाचच्या आत.
रकाना पहिला : खेळाडूचे संपूर्ण नाव.
सन्मती बाहुबली मगदूम, मुक्काम हुपरी.
रकाना दुसरा : हंगामातील एकूण गोल.

इथं पेन थांबलं.

एक.
तोही आपल्याच जाळ्यात,
सांगलीच्या पोरींविरुद्ध, अकरा मिनिटं उरलेली असताना.
तिच्या पोटरीला लागून चेंडू माझ्या डाव्या हाताखालून गेला.
(गोलकीपर मी होते. समितीला हे कळवायची गरज नाही.)
कठड्यावरून कुणीतरी ओरडलं,
"तिकडं न्हाई, हिकडं मारायचा!"
आणि सगळा कठडा हसला.
या गावात फुटबॉल न कळणारा माणूस शोधून सापडणार नाही.
पोरींच्या सामन्याला मात्र
चहाला आलेले तेवढेच थांबतात,
तेही चहा गरम असला तर.

तिनं चेंडू जाळ्यातून काढला.
कुणाकडं फेकला नाही.
काखेत मारला आणि मध्यापर्यंत चालत गेली,
बाजारातनं कलिंगड घेऊन घरी निघावं तशी,
घाई नाही, मान खाली नाही.
ठिपक्यावर ठेवला. वळली. म्हणाली, "हं. चला."

तो सामना आम्ही हरलो.
पण त्या चालण्यासाठी
तुमच्या अर्जात जागा कुठं आहे, साहेब?

रकाना तिसरा : नेतृत्वाचा तपशील, पन्नास शब्दांत.
बरं.
मुलांचा सराव संपला की पावणेसहाला मैदान आमचं.
तेव्हा राजाराम तलावाकडनं वारा सुटतो, फक्की उडून जाते,
म्हणून ती चुना भिजवून रेषा मारते,
वाकून, एकटी, आम्ही बुटाच्या नाड्या बांधेपर्यंत.
साहित्याच्या खोलीची किल्ली तिच्या गळ्यात.
नाझनीनचे वडील गडहिंग्लजहून आले होते
लेकीला घरी न्यायला. बॅग भरलेली.
ही म्हणाली, "काका, आधी बघा तरी. मग न्या."
शिकलगारकाका आता मध्यंतराला लिंबं चिरतात,
आणि पंचाशी भांडायचं कामही त्यांनीच घेतलंय.

तारखा हव्यात म्हणून तिची हिशेबाची वही उघडली.
बर्फ, वीस रुपये.
बुटाचा तळवा शिवून, साठ.
केएमटी, बाराजणी, जाऊन येऊन.
त्याखाली बारीक अक्षरात :
राजनंदाचे प्रवेश शुल्क मी भरले. तिला सांगू नये.

राजनंदा म्हणजे मी.

पैसे कुठले, तेही मला ठाऊक आहे.
हुपरीला रात्री पैंजणाच्या कड्या जोडते ती,
बोटांवर भाजल्याचे ठिपके असतात,
विचारलं तर म्हणते, दूध उतू गेलं.

पन्नास शब्द कधीच संपले.
मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, तीही भरली,
मग सगळं फाडून नव्या अर्जावर लिहिलं :
"संघासाठी मोलाचे योगदान."
गोल : एक.

सभागृहात निवेदकानं पुकारलं,
"कुमार सन्मती मगदूम!"
माना मुलांच्या रांगेकडं वळल्या.
आमच्या रांगेतनं ही उठली,
गुडघ्यावर चुन्याचा डाग तसाच,
"आलो, आलो," करत,
आमच्याकडच्या पोरी म्हणतात तसं.
निवेदक चिठ्ठीकडं बघायला लागला,
टाळ्या जरा अडखळल्या.
शिकलगारकाकांच्या तेवढ्या थांबल्या नाहीत.

खुर्चीत येऊन बसली. चषक उलटा केला,
नखानं वाजवला, कानाशी धरला.
"चांदी न्हाई. पितळ. वर पाणी दिलंय."
मग बुडाशी, जिथं दांडा जोडलाय,
तिथनं अंगठा फिरवला, सावकाश, दोनदा.
"पण डाक झकास बसलाय.
कुणी केलाय कुणास ठाऊक."

तेवढा वेळ मी मनात वाक्यं जुळवत होते,
वही, शुल्क, बर्फ, सगळं.
तिनं गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.
"उद्या चुना तू भिजव.
पेपर हाय माझा. मी उशिरा येतो."